नूटकाचा सातबारा

एप्रिल 1778. आज ज्याला आपण व्हँकुव्हर बेट म्हणतो त्याच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका खाडीत कॅप्टन जेम्स कुकची दोन जहाजं नांगर टाकून उभी होती, 'रेझोल्यूशन' आणि 'डिस्कव्हरी'. जहाजावर थोड्या शेळ्यामेंढ्या होत्या, त्यांना चारा हवा होता. कुकनं जवळच्या एका गावालगत माणसं गवत कापायला पाठवली. कापणी सुरू झाली तसे गावकरी आले आणि त्यांनी कापणाऱ्यांचे हात धरले. "माकुक," ते म्हणाले. म्हणजे विकत घ्या.

कुक स्वतः तिथे गेला. पाहतो तर त्या गवतावर हक्क सांगणारे डझनभर जण उभे. त्यानं सगळ्यांशी भाव ठरवला, मोबदला दिला आणि धरून चालला की आता हवं तिथं कापायला मोकळीक झाली. तसं नव्हतं. माणसं जिथे सरकतील तिथे नवा मालक पुढे यायचा. गवताचं एकेक पातं कुणाच्या ना कुणाच्या मालकीचं असावं असं कुकला वाटलं. खिसे रिकामे होईपर्यंत तो देत राहिला. याच्याकडे आता देण्यासारखं काही उरलं नाही हे पटल्यावरच त्यांनी तगादा सोडला आणि हवं ते कापू दिलं. आपल्या मुलखात पिकणारी प्रत्येक वस्तू सर्वस्वी आपली, ही भावना इतकी तीव्र असलेले लोक आपण दुसरीकडे कुठे पाहिले नाहीत, असं कुकनं रोजनिशीत लिहून ठेवलं. लाकूड आणि पाणी घेतानाही त्याला हाच अनुभव आला.

या नोंदीनंतर 11 वर्षांनी त्याच खाडीवरून स्पेन आणि ब्रिटन युद्धाच्या काठावर गेले. दोघांनी कागदपत्रं काढली, साक्षीदार गोळा केले, करार केले. भांडण जमिनीच्या मालकीचं होतं, आणि मालक कोण याची ब्रिटिश आरमारी अधिकाऱ्यानं स्वतःच्या हातानं केलेली नोंद लंडनमध्ये छापून उपलब्ध होती. ती कुणीच पुराव्यात दाखल केली नाही. माझ्या मते या प्रकरणाची गाठ तिथेच आहे.

जागा

खाडीला कुकनं 'नूटका' हे नाव दिलं, तेही गैरसमजातून. जहाजांना "वळसा घालून या" असं सांगणाऱ्या लोकांच्या तोंडचा शब्द त्याला गावाचं नाव वाटला, असं सहसा सांगितलं जातं. गावाचं खरं नाव युक्वॉट. लोक मोवाचाट, नू-चा-नुल्थ या मोठ्या समूहातले. त्यांच्या प्रमुखाच्या गादीचं नाव माक्विन्ना. नाव वारसानं पुढे जातं, त्यामुळे कागदपत्रांत माक्विन्ना पुन्हा पुन्हा भेटतो.

युक्वॉट हे उन्हाळ्याचं गाव. मोकळ्या समुद्राच्या तोंडाशी वसलेलं, देवमाशाची शिकार आणि हॅलिबट मासेमारी यासाठी सोयीचं. हिवाळ्यात वस्ती आत, ताशिसकडे सरकायची, कारण सॅमन मासा तिकडच्या नद्यांना येतो आणि वादळवाऱ्यापासून आडोसाही मिळतो. घरांचे जाडजूड खांब आणि तुळया दोन्हीकडे कायम उभ्या असत, भिंतींच्या आणि छपराच्या फळ्या मात्र काढून, दोन होड्यांवर आडव्या बांधून सोबत नेल्या जात. बाहेरून आलेल्याला नुसता सांगाडा दिसे आणि गाव ओसाड वाटे. वास्तवात त्या सांगाड्याचा, समोरच्या पुळणीचा, ओढ्यातल्या मासळीचा, किनाऱ्याला लागलेल्या मेलेल्या देवमाशाचासुद्धा वारसदार ठरलेला असे. या सगळ्या हक्कांच्या गठड्याला नू-चा-नुल्थ भाषेत 'हाहूल्थी' म्हणतात. तो हक्क जाहीर व्हायचा मेजवानीत, सगळ्या गावांच्या साक्षीनं, भेटवस्तू वाटून. भेट स्वीकारणारा प्रत्येक पाहुणा त्या हक्काचा पंच ठरायचा. आपल्याकडच्या जमिनीच्या वादात जे शब्द येतात, मालकी, कबजा, वहिवाट, पंच, त्या सगळ्यांना तिथे जागा होती. कागद तेवढा नव्हता.

स्पेनचा दावा: चमचे आणि क्रूस

स्पेनचं म्हणणं साधं होतं. 1493 च्या पोपच्या आज्ञापत्रापासून आणि नव्या मुलखांची स्पेन-पोर्तुगालमध्ये वाटणी करणाऱ्या 1494 च्या तोर्देसियास करारापासून हा सगळा किनारा आपला. शिवाय 1774 मध्ये हुआन पेरेस 'सान्तियागो' जहाज घेऊन इथे कुकच्या चार वर्षं आधी पोहोचला होता.

पोहोचला म्हणजे किनाऱ्यावर उतरला नव्हता. 8 ऑगस्ट 1774 ला तो खाडीच्या तोंडाबाहेर नांगरला, होड्या जहाजाभोवती आल्या, खलाशांनी कॅलिफोर्नियाचे शिंपले देऊन कातडी घेतली. दुसऱ्या दिवशी वारा फिरला, नांगराचा दोर तोडून जहाज बाहेर काढावं लागलं. चार वर्षांनी कुकच्या माणसांना इथल्या एकाच्या गळ्यात चांदीचे दोन चमचे दिसले. ते पेरेसच्या जहाजावरून आले असावेत, असं तेव्हापासून मानलं गेलं. पेरेसच्या जहाजावर दुय्यम अधिकारी होता एस्तेबान होसे मार्तिनेस. हाच मार्तिनेस 1789 च्या प्रकरणाचा मुख्य नट, आणि ते चमचे आपलेच चोरीला गेले होते असं तो सांगत असे.

पुढच्या वर्षी, 1775 मध्ये, एसेता आणि बोदेगा इ क्वाद्रा या स्पॅनिश कप्तानांनी किनाऱ्यावर क्रूस रोवले, ताबा घेतल्याच्या कागदावर सह्या केल्या. बोदेगाचं जहाज इतकं लहान होतं की आज त्या समुद्रात त्यातून कुणी मासेमारीलाही जाणार नाही, तरी तो 58 अंश उत्तरेच्या पुढे पोहोचला. त्या धाडसाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण क्रूस रोवून परत गेलेल्याला आपल्याकडचा कोणताही तलाठी कबजेदार म्हणून लावणार नाही.

भांडणाला पैसा कुठून आला

कुकच्या खलाशांनी नूटकाला समुद्री पाणमांजराची कातडी स्वस्तात घेतली होती, बहुतेक अंगावर पांघरायला. या प्राण्याच्या लवेतले केस एका चौरस इंचात 10 लाखांपर्यंत असू शकतात, इतकी दाट लव दुसऱ्या कुठल्याच प्राण्याची नाही. कुक हवाईत मारला गेला. जहाजं कँटनला पोहोचली तेव्हा तीच, वापरून झालेली कातडी चिनी व्यापाऱ्यांनी हातोहात घेतली. उत्तम कातड्याला 120 डॉलरपर्यंत भाव आला. खलाशी परत नूटकाला जाण्यासाठी बंडाच्या तयारीला आले होते. सफरीचा वृत्तांत 1784 मध्ये लंडनला छापला गेला आणि जगभरच्या व्यापाऱ्यांना नूटका हे नाव पाठ झालं.

त्यात मुंबईही होती. डेव्हिड स्कॉट हा मुंबईचा बडा व्यापारी. त्याच्या पाठबळावर जेम्स स्ट्रेंज या कंपनीच्या नोकरानं दोन जहाजं सजवली. एकाचं नाव 'कॅप्टन कुक', दुसऱ्याचं 'एक्सपेरिमेंट'. डिसेंबर 1785 मध्ये ती मुंबईहून निघाली आणि 1786 च्या जूनअखेर नूटकाला पोहोचली. सोबत मुंबई फौजेतल्या काही शिपायांची तुकडी होती, नूटकाला ठाणं बसवायच्या इराद्यानं. तिचा अधिकारी अलेक्झांडर वॉकर. मराठी इतिहासाच्या वाचकांना हा माणूस नवा नाही: 1802 पासून बडोद्याला गायकवाडांच्या दरबारी कंपनीचा रेसिडेंट, काठियावाडची खंडणी कायम करून देणारा आणि तिथल्या मुलींच्या हत्येविरुद्ध खटपट करणारा कर्नल वॉकर तो हाच. नूटकाला गेला तेव्हा तो विशीतला होता. त्यानं मोवाचाट लोकांची भाषा, घरं, खाणं, मोलभाव यांची जी टिपणं ठेवली ती आजही अभ्यासक वापरतात.

ठाणं बसवायचं रद्द झालं. मात्र एक माणूस मागे ठेवला गेला: जॉन मॅके, वैद्याचा मदतनीस. तो आजारी होता आणि राहायला राजी होता. माक्विन्नानं त्याला सांभाळायचा शब्द दिला. मॅकेला बियाणं, शेळ्यांची जोडी आणि लिहायला साहित्य दिलं. वर्षभर तो युक्वॉट-ताशिसला त्या लोकांत राहिला, या किनाऱ्यावर असा राहिलेला पहिला युरोपीय. हिंदुस्थानात परतल्यावर त्यानं वॉकरला सांगितलेली एक हकिगत मला विसरता येत नाही. माक्विन्नाच्या तान्ह्या मुलाचा पाळणा त्यानं नकळत ओलांडला. तिथे हे मोठं अशुभ. आपल्याकडेही झोपलेल्या मुलाला ओलांडलं तर आजी ओरडते, परत उलट्या पावली ओलांडून जायला लावते. मॅकेला कित्येक आठवडे घराबाहेर काढण्यात आलं, आणि पुढे ते मूल दगावलं. त्यानंतरही त्याचा जीव घेतला नाही. 1787 मध्ये बार्कली या कप्तानानं त्याला जहाजावर घेतलं.

स्ट्रेंजला 600 च्या आसपास कातडी मिळाली, खर्च निघाला नाही, मुंबईचा या धंद्यातला उत्साह मावळला. कलकत्त्याहून आलेला दुसरा एक माणूस मात्र टिकून राहिला.

जॉन मिअर्स

मिअर्स हा आरमारातून बाहेर पडलेला लेफ्टनंट. 1786 च्या हिवाळ्यात त्याचं जहाज अलास्काच्या प्रिन्स विल्यम साउंडमध्ये बर्फात अडकलं आणि 23 माणसं स्कर्व्हीनं मेली. 1788 मध्ये तो पुन्हा आला, या वेळी मकावहून, 'फेलिस' जहाज घेऊन. सोबत 'इफिजेनिया' नावाचं दुसरं जहाज. दोन्हींवर पोर्तुगीज निशाण.

निशाणाचं कारण परवान्याचं. ब्रिटिश जहाजाला अमेरिकेच्या त्या बाजूस जायला साउथ सी कंपनीचा परवाना लागे आणि चीनला माल विकायला ईस्ट इंडिया कंपनीचा. पोर्तुगीज निशाण लावलं की दोन्ही चुकतात, वर मकावच्या बंदरात करातही सूट. मकाव तेव्हा पोर्तुगीजांच्या पूर्वेकडच्या राज्याचा भाग, म्हणजे गोव्याच्या अखत्यारीत. तेव्हा कागदोपत्री ही जहाजं गोव्याच्या छत्राखालची होती. 'इफिजेनिया'वर कप्तान म्हणून विआना नावाच्या पोर्तुगिजाची नेमणूक होती, हुकूम मात्र विल्यम डग्लस या ब्रिटिश माणसाचा चालायचा.

युक्वॉटला मिअर्सनं माक्विन्नाकडून थोडी जागा वापरायला मिळवली, तिथे लाकडी घर उभारलं आणि मकावहून आणलेल्या चिनी कारागिरांकडून एक लहान गलबत बांधून घेतलं. 'नॉर्थ वेस्ट अमेरिका' हे गलबत सप्टेंबर 1788 मध्ये पाण्यात उतरलं. या किनाऱ्यावर बांधलेलं युरोपीय पद्धतीचं हे पहिलं गलबत, आणि ते चिनी सुतार-लोहारांच्या हातचं. त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. लगेच मिअर्स निघून गेला. नूटकाला तो पुन्हा आलाच नाही.

1789 चा उन्हाळा

मेक्सिकोच्या व्हाइसरॉयला 1788 मध्ये मार्तिनेसनंच बातमी आणून दिली होती की रशियन नूटका बळकावणार आहेत. म्हणून त्यालाच पाठवलं. 5 मे 1789 ला तो 'प्रिन्सेसा' जहाज घेऊन खाडीत शिरला. तिथे रशियन नव्हतेच. दोन अमेरिकन जहाजं होती, केंड्रिक आणि ग्रे या कप्तानांची, आणि पोर्तुगीज निशाणाची 'इफिजेनिया'.

अमेरिकनांना त्यानं हात लावला नाही. त्यांचा व्यापार तोच, कातडी तीच, पण ते जमिनीवर हक्क सांगत नव्हते आणि केंड्रिकनं मार्तिनेसशी जुळवून घेतलं होतं. 'इफिजेनिया'च्या कागदांत मात्र एक वाक्य सापडलं. हल्ला झाला आणि आपण वरचढ ठरलो तर हल्लेखोर जहाज मकावला धरून आणावं, मग ते रशियन, इंग्रज वा स्पॅनिश असो. मार्तिनेसनं ते असं वाचलं की स्पॅनिश जहाजं पकडायचा हा हुकूमच आहे. जहाज जप्त. मग काही दिवसांनी मुचलका घेऊन सोडलं. जूनमध्ये 'नॉर्थ वेस्ट अमेरिका' परतलं, तेही जप्त, आणि ते मात्र सोडलं नाही.

जुलैच्या सुरुवातीला जेम्स कोलनेट 'अर्गोनॉट' घेऊन आला. हे जहाज उघड ब्रिटिश निशाणाचं, त्यावर घर आणि कोठी बांधायचं सामान आणि 29 चिनी कारागीर. वसाहत करायलाच आलो आहोत, हे कोलनेटनं लपवलं नाही. 'प्रिन्सेसा'च्या खोलीत दोघे समोरासमोर बसले. परवाना दाखवा, आधी जहाज सोडा, अशी बाचाबाची. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, मधे दुभाषी. आवाज चढला, कोलनेटचा हात तलवारीकडे गेला, आणि तो काहीतरी बोलला. मार्तिनेसनं ते कानाला जसं लागलं तसं रोजनिशीत उतरवलं: "गार्डेम एस्पान्या". इंग्रजीतली एक रोजची खलाशी शिवी, स्पेनच्या नावासह. कोलनेटला तिथल्या तिथे अटक झाली. पुढे 'प्रिन्सेस रॉयल' हे चौथं जहाजही पकडलं गेलं. जहाजं आणि माणसं मेक्सिकोच्या सान ब्लास बंदरात रवाना.

हे सगळं किनाऱ्यावरून आणखी एक जण पाहत होता. कॅलिकम, माक्विन्नाचा नातलग आणि प्रमुखांपैकी एक, इंग्रज व्यापाऱ्यांचा स्नेही. 13 जुलैला तो होडीतून स्पॅनिश जहाजाजवळ आला आणि ओरडून म्हणाला: मार्तिनेस पिशाक, मार्तिनेस काप्सिल. वाईट आहे, चोर आहे. बंदूक चालली आणि कॅलिकम होडीतच मेला. नेमकी कुणाची गोळी लागली याबद्दल वृत्तांतांत फरक आहे, तो कशामुळे मेला यात नाही. आपल्या पाण्यात आलेल्या पाहुण्याचं जहाज दुसऱ्या पाहुण्यानं लुटलं, याला चोरी म्हणणारा त्या खाडीतला तो एकटाच होता आणि जीव गेला तोही त्या उन्हाळ्यात त्याचाच. माक्विन्ना माणसं घेऊन दक्षिणेला क्लेओक्वॉटच्या विकॅनिनिश प्रमुखाकडे निघून गेला.

लंडन, माद्रिद, पॅरिस

1790 च्या सुरुवातीला बातमी लंडनला पोहोचली. एप्रिलमध्ये मिअर्स स्वतः हजर झाला आणि त्यानं पार्लमेंटपुढे तक्रारअर्ज टाकला. मागणी 6,53,433 स्पॅनिश डॉलरची, त्यातले 5 लाख नुसते 'होऊ शकला असता' अशा नफ्याचे. पार्लमेंटनं आरमार सज्ज करायला 10 लाख पौंड मंजूर केले. स्पेनचा भरवसा फ्रान्सवर होता, दोन्हीकडे बूर्बाँ घराणं आणि 1761 चा जुना करार. पण बॅस्टिल पडून वर्षही झालं नव्हतं. युद्ध पुकारायचा हक्क राजाचा की राष्ट्रसभेचा, यावरच पॅरिसमध्ये मे महिन्यात वाद झाला आणि 22 मेला ठरलं की सभेच्या संमतीशिवाय युद्ध नाही. फ्रान्स खात्रीचा उरला नाही. 28 ऑक्टोबर 1790 ला स्पेननं एस्कोरियालला सही केली: ब्रिटिश प्रजेकडून घेतलेल्या इमारती आणि जमिनी परत करायच्या, उत्तरेकडच्या त्या किनाऱ्यावर दोघांनाही व्यापाराला वाव.

इथे प्रकरण मिटलं असं पाठ्यपुस्तकं सांगतात. माझी तक्रार इथेच आहे. कोणत्या जमिनी? किती? तहात आकडा नव्हता, हद्द नव्हती.

मिअर्सचं खरेदीखत

अर्जात मिअर्स म्हणतो, आपण माक्विन्नाकडून जमीन खरेदी केली आणि तिथे ब्रिटिश निशाण लावलं. त्याच वर्षी छापलेल्या स्वतःच्या प्रवासवर्णनात तो म्हणतो, घरासाठी जागा द्यायला माक्विन्ना लगेच कबूल झाला आणि त्याला पिस्तुलांची जोडी भेट दिली. 1792 मध्ये मिअर्सच्याच हाताखाली काम केलेल्या रॉबर्ट डफिननं लिहून दिलं की मोबदला होता तांब्याचे आठ-दहा पत्रे आणि काही किरकोळ वस्तू. एकाच व्यवहारात विकणाऱ्याच्या हाती एकदा पिस्तुलं, एकदा तांबं. आणि निशाण? जहाज पोर्तुगीज कागदांवर आलं होतं.

विरुद्ध बाजूची साक्ष अमेरिकन कप्तान ग्रे आणि इंग्रॅहम यांची. त्यांनी बोदेगाला लिहून दिलं की मिअर्सचं घर म्हणजे एक कच्ची झोपडी होती, आणि जमीन विकत घेतल्याचं आपण कधी ऐकलं नाही. पोर्तुगीज विआनाही तेच म्हणाला. आणि माक्विन्ना? त्यानं विक्री झाल्याचं साफ नाकारलं. मिअर्सला त्याचे लोक 'खोटा मिअर्स' म्हणत, अशी नोंद आहे.

मला वाटतं, दोन्ही बाजू प्रामाणिक होत्या असं धरलं तरी गोंधळ सुटत नाही. माक्विन्नाच्या रीतीत एखाद्याला जागा वापरू देणं आणि त्यानं भेट देणं हा रोजचा व्यवहार होता, गवतासारखाच. कुकनं गवताचे पैसे दिले म्हणून कुरण त्याचं झालं नव्हतं. भेट देऊन पाहुण्यानं तर उलट यजमानाची मालकी कबूल केली होती. पिस्तुलांची ती जोडी जमिनीचं खरेदीखत होती असं वाचायला लंडनचेच डोळे लागतात.

1792: चांदीची ताटं

तह राबवायला ब्रिटननं जॉर्ज व्हँकुव्हरला पाठवलं. कुकच्या 1778 च्या सफरीत तो तरुण उमेदवार म्हणून याच खाडीत येऊन गेला होता. स्पेनकडून बोदेगा इ क्वाद्रा. 28 ऑगस्ट 1792 ला व्हँकुव्हर आला, तोफांच्या सलाम्या झाल्या, आणि बोदेगानं जेवायला बोलावलं. जगाच्या त्या टोकाला, लाकडी घरात, पाच वेळा ताटं बदलली आणि दर वेळी चांदीची आली, असं व्हँकुव्हरचा वनस्पतिशास्त्रज्ञ मेंझिस चकित होऊन लिहितो. माक्विन्नाही त्या टेबलावर नेहमी असे. बोदेगानं त्याला मानानं वागवलं, आणि त्याच्या मुलीच्या वयात येण्याच्या सोहळ्यालाही तो गेला होता.

सप्टेंबरात दोघे कप्तान होड्यांतून ताशिसला माक्विन्नाकडे गेले. स्वयंपाकाचं सामान आणि आचारी सोबत नेले होते. माक्विन्नानं नाच आणि मुखवट्यांचा खेळ करून दाखवला, कातडी भेट दिली. परतताना बोदेगानं सुचवलं, आपल्या मैत्रीची खूण म्हणून कशाला तरी दोघांचं नाव द्यावं. व्हँकुव्हरनं अख्ख्या बेटाला 'क्वाद्रा आणि व्हँकुव्हर बेट' असं नाव दिलं. ज्याच्या घरी जेवून ते परतत होते त्याचं नाव त्यात नाही. पुढे क्वाद्राही गळला.

मैत्री खरी होती, तोडगा निघाला नाही. बोदेगा म्हणे, मिअर्सची झोपडी होती तेवढा कोपरा घ्या, बाकी स्पेनचं. व्हँकुव्हर म्हणे, संपूर्ण बंदर. दोघांनी आपापल्या राजधानीकडे लिहिलं. या वाटाघाटीत माक्विन्नाचा जबाब स्पेनच्या बाजूचा पुरावा म्हणून वापरला गेला, कारण तो मिअर्सला खोटं पाडत होता. त्याच जबाबाचा दुसरा अर्थ, की स्पेनलाही त्यानं जागा फक्त राहायला दिली होती आणि जाताना ती परत द्यायची होती, कुणी पुढे नेला नाही. स्पॅनिश ठाणं उभं होतं ते त्याच्या उन्हाळी गावाच्याच जागेवर.

त्याच उन्हाळ्यात होसे मारियानो मोसिन्यो हा मेक्सिकोचा निसर्गअभ्यासक तिथे होता. त्यानं मोवाचाट शब्दांची यादी केली, त्यांच्या रीती समजून घेतल्या आणि गोऱ्यांनी त्यांच्यावर केलेल्या जुलमांबद्दल स्पष्ट लिहिलं. या सगळ्या दप्तरात ऐकायला बसलेला माणूस कोण, असं विचारलं तर मी मोसिन्योचं आणि वॉकरचं नाव घेईन.

निकाल

फेब्रुवारी 1793 मध्ये नुकसानभरपाई ठरली: 2,10,000 स्पॅनिश डॉलर, मागणीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. त्याच सुमारास फ्रान्सविरुद्ध स्पेन आणि ब्रिटन एका बाजूला आले, नूटकासाठी भांडायला कुणालाच सवड नव्हती. जानेवारी 1794 च्या करारानं ठरलं की दोघांनीही जागा सोडायची.

28 मार्च 1795. स्पेनतर्फे आलावा आणि ब्रिटनतर्फे लेफ्टनंट पीअर्स युक्वॉटला उभे राहिले. स्पॅनिश ठाणं मोडलं. स्पॅनिश निशाण उतरलं, ब्रिटिश चढलं, तेही उतरलं. पीअर्सनं ते निशाण माक्विन्नाच्या हाती दिलं आणि जहाज दिसलं की चढवत जा असं सांगितलं. जहाजं गेली. त्याच वर्षी मोवाचाटांनी ठाण्याच्या जागी पुन्हा आपली घरं उभारली.

कातड्यांचा व्यापार काही दशकं चालला आणि त्यानं पाणमांजरच संपवलं. व्हँकुव्हर बेटाच्या किनाऱ्यावर एकही उरलं नाही. 1969 ते 1972 दरम्यान अलास्काहून 89 पाणमांजरं आणून नूटकाच्या उत्तरेला सोडली, आज दिसतात ती त्यांचीच संतती.

मालकीचा प्रश्न मात्र न्यायालयात गेला, दोनशे वर्षांनी. मोवाचाटांचे शेजारी आणि भाऊबंद असलेल्या नुचाटलाट लोकांनी नूटका बेटाच्या सुमारे 200 चौरस किलोमीटरवर हक्क सांगितला. कॅनडाच्या कायद्यानुसार तिथे पाहावं लागतं ते 1846 साली ती जागा कुणाच्या ताब्यात होती, कारण त्या वर्षीच्या अमेरिका-ब्रिटन तहापासून ब्रिटिश सार्वभौमत्व धरलं जातं. 1790 चा करार, मिअर्सची पिस्तुलं, बोदेगाची चांदीची ताटं, यातलं काहीच त्या कसोटीला लागू पडत नाही. कोण कुठे राहत होतं, कोणत्या ओढ्यावर मासे धरत होतं, कोणत्या देवदाराची साल आणि फळ्या कुणी काढल्या, हे तपासलं जातं. 2024 च्या एप्रिलमध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या सर्वोच्च न्यायालयानं सुमारे 11 चौरस किलोमीटरवर, मुख्यतः किनाऱ्यालगतच्या पट्ट्यावर, नुचाटलाटांचा मालकी हक्क मान्य केला.